पंखा बंद पडला म्हणून अख्खं ग्राफिक्स कार्ड टाकायचं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर दर थोड्या दिवसांनी नव्या ग्राफिक्स कार्डाची (कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरची चित्रं तयार करणाऱ्या कार्डाची) माहिती येते, कुठलं आलं, किती जीबीचं, आधीच्यापेक्षा किती फास्ट वगैरे, आणि मी ते आवडीने वाचतो. पण घरात जे कार्ड आधीपासून आहे त्याचा पंखा बंद पडला तर काय करायचं हे काही कधी छापून येत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, तरी पूर्ण वाचा आणि जमलं तर छापा, कारण गेल्या दोन महिन्यांत मला जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर माझा निम्मा वेळ वाचला असता आणि भाचीचं काम अडलं नसतं.

झालं असं की माझी भाची अॅनिमेशन शिकते आणि माझा जुना कॉम्प्युटर वापरते. त्यात २०१७ साली घेतलेलं दोन पंख्यांचं कार्ड आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रकार एका कंपनीचा नाहीच. तर सकाळी पीसी चालू केला की पहिली दोन-तीन मिनिटं आतून खर्रर्र आवाज यायचा, मग आपोआप थांबायचा. असं महिनाभर चाललं. मग एक दिवस आवाज बंदच झाला आणि तिला वाटलं चला सुटलो. खरं तर त्या दिवशी एक पंखा कायमचा थांबला होता. पुढच्या आठवड्यात तिचा फोन, "मामा, रेंडरला दुप्पट वेळ लागतोय आणि कॅबिनेटला हात लावला तर चटका बसतोय, काही जळत तर नाहीये ना आत?"

(रेंडर म्हणजे अॅनिमेशनची अंतिम चित्रं कॉम्प्युटरकडून तयार करून घेणं.) मी गेलो, कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं. तापमान ८७ अंश, आणि पंख्याचा वेग २१०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला २१०० फेऱ्या. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते पंखा मस्त चालू! मी तर पहिले दोन दिवस चिप आणि तिच्यावरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा (हीटसिंक) यांच्यामधली पेस्ट सुकली असेल, धूळ असेल, ड्रायव्हर बिघडला असेल असंच धरून चाललो होतो. शेवटी कॅबिनेटचं झाकण काढून टॉर्च मारला तेव्हा दिसलं, डावा पंखा जोरात फिरतोय आणि उजवा जागच्या जागी, फक्त थरथरतोय. हे नीट समजून घ्या कारण इथेच पुष्कळ लोक फसतात. दोन पंख्यांच्या बऱ्याच कार्डांत दोन्ही पंखे एकाच प्लगवर असतात आणि वेगाची खबर देणारी तार त्यातल्या एकाच पंख्याला जोडलेली असते. ज्याची तार जोडलेली तो चालू असला की स्क्रीनवर सगळं आलबेल, दुसरा मेला तरी कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, झाकण काढून डोळ्यांनी बघा.

आता याच्या उलटही फसगत होते. २०१४ च्या सुमारास आलेल्या पुष्कळ कार्डांपासून पुढे, कार्ड थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवायची सोय आलीय, तापमान साधारण ५०-६० अंशांच्या पुढे गेलं की मगच ते फिरतात. म्हणून नुसतं डेस्कटॉप उघडं आहे आणि पंखा थांबलाय एवढ्यावरून पंखा गेला म्हणू नका. गेम लावा, रेंडर लावा किंवा एमएसआय आफ्टरबर्नर ह्या सॉफ्टवेअरमधून पंख्याचा वेग हाताने ७० टक्क्यांवर न्या आणि मग बघा. आणि पीसी पूर्ण बंद करून, पॉवर सप्लायचं मागचं बटन पाडून, पात्याला बोटाने हलकी टिचकी मारा. चांगला पंखा टिचकीसरशी तीन-चार फेऱ्या गुळगुळीत फिरतो आणि हळूहळू थांबतो. आमचा उजवा पंखा अर्ध्या फेरीतच अडकला, आणि मधली टोपी दोन बोटांत धरून हलवली तर चक्क तिरका डुगडुगत होता, वाळू भरल्यासारखं कचकच लागत होतं बोटाला. तिथेच निकाल लागला.

पंखाच आधी का जातो हे कळायला फार डोकं लागत नाही, अख्ख्या कार्डावर फिरणारी वस्तू तेवढी एकच. हिशोब करून बघा, २५०० आरपीएमने म्हणजे तासाला दीड लाख फेऱ्या. दिवसाला सहा तास धरले तर ९ लाख, वर्षाला ३२ कोटी ८५ लाख. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत दांडी फिरते आणि मधे थोडंसं तेल. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं, पंख्यांची तोंडं जमिनीकडे, म्हणजे पंखा वर्षानुवर्षं उलटा लटकून फिरतोय, वरून गरम हीटसिंकची धग, आणि खालून हवेबरोबर येणारी धूळ. तेल आटतं, धूळ त्यात मिसळून चिखल होतो, नळी एका बाजूने झिजते. थंड असताना तो चिखल घट्ट असतो म्हणून सकाळी आवाज येतो आणि गरम झालं की पातळ होऊन आवाज थांबतो. तो सकाळचा खर्रर्र हीच पहिली सूचना होती आणि आम्ही ती महिनाभर तशीच जाऊ दिली. बॉल बेअरिंगवाले पंखे जास्त टिकतात, थोडा आवाज जास्त करतात एवढंच.

पंखा गेला म्हणजे कार्ड गेलं असं मुळीच नाही, हे मला ठासून सांगायचंय. चिप स्वतःला सांभाळते. चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या जीटीएक्स १०६० ह्या मॉडेलसाठी कमाल ९४ अंश आणि जीटीएक्स ९७० साठी ९८ अंश अशी मर्यादा दिलेली आहे आणि त्याच्या बरंच आधी कार्ड आपला वेग खाली आणतं, म्हणूनच रेंडरला दुप्पट वेळ लागत होता. म्हणजे कार्ड मेलं नव्हतं, जीव वाचवायला दमानं घेत होतं. पण असंच महिनोन्महिने चालवलं तर मात्र चिपच्या शेजारची मेमरी आणि वीज पुरवणारे भाग भाजून निघतात, आणि त्यांचं तापमान जुन्या कार्डांत बहुतेक वेळा दिसतही नाही. मग स्क्रीनवर रंगीत ठिपके, पट्टे यायला लागतात आणि तेव्हा खरंच काही करता येत नाही. तेव्हा पंखा गेलाय हे कळल्यावर "बघू नंतर" करू नका.

आता मला कोणी काय सांगितलं ते ऐका. तीन जाणकारांना विचारलं, तिघांचं एकच उत्तर, जुनं झालं, त्याचे पंखे मिळत नाहीत, नवीन घेऊन टाक. कार्ड बनवणाऱ्या कंपनीला ईमेल केला, मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर टाकून, साधा प्रश्न विचारला की ह्या कार्डात कुठल्या नंबरचा पंखा आहे तेवढं सांगा, मी शोधतो माझा. उत्तर आलं की वॉरंटी संपलीय आणि आम्ही सुटे भाग विकत नाही. अहो पण मी भाग मागितलाच नव्हता, नंबर मागितला होता! ह्या गोष्टीचा मला खरंच राग आला आणि अजून आहे. पंखा ह्या कंपन्या स्वतः बनवतही नाहीत सहसा, पंखे बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत, तेच पंखे पाच ब्रँडच्या कार्डांत बसलेले असतात, आणि त्यांचा नंबर पंख्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर स्पष्ट छापलेला असतो. फक्त तो स्टिकर बघायला कार्ड उघडावं लागतं. म्हणजे माहिती आहे, पण आतल्या बाजूला.

तर उघडलं. पहिल्यांदा उघडताना माझे हात कापत होते हे कबूल करतो, पण काम वाटतं तेवढं अवघड नाही, घाई नडते फक्त. पॉवर बंद केल्यावर पीसीचं चालू करायचं बटन एकदा दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरते. कार्डाला पॉवर सप्लायची वायर असेल तर ती काढायची, मागच्या पट्टीचे स्क्रू काढायचे, आणि मग स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते ती दाबायची आणि मगच कार्ड वर ओढायचं. ती खिट्टी न दाबता हिसका मारून स्लॉट मोडलेले लोक मला माहीत आहेत.

कार्ड टेबलावर उलटं ठेवलं की चिपच्या मागे चौकोनात चार स्प्रिंगवाले स्क्रू दिसतात. काही कार्डांत वरचं प्लास्टिकचं कव्हर आणि पंखे बाहेरूनच निघतात, हीटसिंकला हात लावावा लागत नाही, तसं असेल तर देव पावला. आमच्या कार्डात पंख्याचे स्क्रू आतल्या बाजूने होते, म्हणजे एक पंखा बदलायला अख्खा हीटसिंक उतरवणं भाग. ते चार स्क्रू तिरके तिरके, एक थोडा मग समोरचा थोडा, असे सैल करायचे, एकच पूर्ण काढला तर दाब एका कोपऱ्यावर येतो आणि चिपचा कोपरा उडू शकतो. सुटल्यावर हीटसिंक सरळ वर ओढायचा नाही, जुन्या पेस्टने तो चिकटलेला असतो, हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळायचा आणि सुटला की दोन इंचच उचलायचा, कारण पंख्याची वायर अजून कार्डाला लागलेली असते. तो प्लग नखाने किंवा चिमट्याने, प्लास्टिकच्या कडेला धरून सरळ बाहेर काढायचा. वायरला धरून ओढलं तर कधी वायर हातात येते, कधी कार्डावरचं सॉकेटच उखडून येतं, आणि सॉकेट उखडलं की मग सोल्डरिंगशिवाय गत्यंतर नाही.

आत जे दिसलं ते मी विसरणार नाही. हीटसिंकच्या पात्यांच्या मधे धूळ नुसती बसलेली नव्हती, तिचा जाड राखाडी नमदा झाला होता, चिमट्याने धरला तर पट्टीसारखा अखंड सोलून निघाला. म्हणजे चालू असलेल्या पंख्याची हवासुद्धा आत जात नव्हती. पेस्ट खडूसारखी कोरडी, मधे तर ती उरलीच नव्हती, सगळी कडेला ढकललेली. ही धूळ काढताना हवेचा फवारा मारत असाल तर पंख्याच्या पात्याला बोटाने अडवून धरा, नाहीतर पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि चांगल्या पंख्याचंही बेअरिंग खराब होतं.

आणि मग तो स्टिकर. १२ व्होल्ट, ०.३५ अँपिअर, आणि खाली बारीक अक्षरात मॉडेल नंबर. आधी फोटो काढला, मग दुसरं काही केलं.

इथे मी एक चूक केली ती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. नंबर हातात असूनही तो लगेच मिळेना म्हणून मी पात्याचा व्यास मोजला, ८५ मिलिमीटर, आणि ८५ चा दुसरा एक सेट मागवला. तो आला आणि बसेना. का, तर पंखा तीन स्क्रूंवर बसतो, त्रिकोणात, आणि त्या तीन भोकांमधलं अंतर आमच्याकडे ४० मिलिमीटर होतं आणि आलेल्या पंख्याचं ४२. दोन मिलिमीटर, पण भोकं जुळत नाहीत ती नाहीतच. शिवाय प्लगही वेगळा. ग्राफिक्स कार्डावरचे प्लग मदरबोर्डवरच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवरच्या) पंख्यांच्या प्लगपेक्षा लहान असतात, मदरबोर्डवर पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं, कार्डांवर बहुतेक ठिकाणी २ मिलिमीटर आणि काहींत त्याहून बारीक. तारा कधी दोन, कधी तीन, कधी चार. दोन असतील तर नुसती वीज, तिसरी वेग सांगणारी, चौथी वेग कमी-जास्त करणारी. आणि प्लग सारखा दिसला तरी तारांचा क्रम सारखा असेलच असं नाही, जुन्या आणि नव्या पंख्याचे प्लग शेजारी शेजारी धरून कुठल्या पिनेला कुठली तार आहे हे ताडून बघा, १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले तर पंख्यापुरतं नुकसान राहत नाही. म्हणजे मागवताना मॉडेल नंबर, व्यास, भोकांमधलं अंतर, पंख्याची जाडी, तारा किती आणि प्लग कसला, हे सगळं जुळलं पाहिजे. अजून एक, दोन पंख्यांच्या काही कार्डांत दोघे उलट दिशांना फिरतात, त्यांची पातीही आरशातल्यासारखी उलट असतात, डाव्याच्या जागी उजवा चालत नाही. म्हणून शक्यतो जोडीच घ्या. तसंही एक गेला म्हणजे दुसऱ्याचंही तेवढंच वय झालंय.

तेलाबद्दल पण सांगतो कारण सगळे पहिलं तेच सुचवतात. मीही केलं. काही पंख्यांत स्टिकरखाली दांडी दिसते, काहींत पाती सरळ ओढली की चुंबकाच्या ओढीतून सुटून बाहेर येतात, आणि काही पूर्ण बंद असतात त्यांच्या नादाला लागू नये. आमची पाती सुटली, दांडी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकला, आणि पंखा फिरला! आठ दिवस फिरला. नवव्या दिवशी सकाळी परत खर्रर्र. नळी एकदा झिजली की तेल काय करणार. तेलाने वेळ मारून नेता येते, नवीन पंखा येईपर्यंतची सोय म्हणून ठीक आहे. पण डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा फवारा मात्र मारू नका, त्यात बराचसा भाग उडून जाणारा असतो, तो उरलेलं तेलही धुऊन नेतो आणि पंखा आधीपेक्षा लवकर जाम होतो.

योग्य पंखा यायला तीन आठवडे लागणार होते आणि भाचीची तर सबमिशन जवळ आलेली. तेव्हा जो उपाय केला तो इतका छान चालला की काही लोक तो कायमचा ठेवतात म्हणे ते पटलं. वरचं प्लास्टिक कव्हर आणि दोन्ही पंखे काढून टाकले, आणि नुसत्या हीटसिंकवर कॅबिनेटचा साधा १२० मिलिमीटरचा पंखा केबल टायने बांधला, हवा हीटसिंकवर जाईल अशा दिशेने. पंख्याच्या बाजूवर बाण असतो तो बघायचा, नसेल तर जिकडे मोटरला धरणाऱ्या काड्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. टाय हीटसिंकच्या कडेच्या पात्यांतून घालायचे, मेमरीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या भागावर दाब येता कामा नये, आणि टोकं कापून टाकायची. हा पंखा मदरबोर्डच्या प्लगला लावला. फक्त एक गोष्ट, मदरबोर्ड त्या पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतो, ग्राफिक्स कार्ड तापलंय हे त्याला कळत नाही, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जाऊन तो वेग कायम ८० टक्के करून ठेवला. रेंडर चालू असताना ७१ अंश. जुन्या दोन पंख्यांपेक्षा आवाजही कमी. जागा मात्र जास्त लागते, खालचा एक स्लॉट अडतो, आणि कॅबिनेट हलवताना जपावं लागतं. हाच पंखा कार्डाच्याच लहान प्लगला जोडायच्या अॅडॉप्टर वायरी पण मिळतात, मग वेग कार्डच ठरवतं, तेव्हा पंख्याच्या स्टिकरवरचे अँपिअर जुन्या पंख्यांच्या एकूण आकड्यापेक्षा जास्त नाहीत ना एवढं बघायचं.

मग सेट आला, भोकं जुळली, प्लग जुळला, तीन-तीन स्क्रू लागले. हीटसिंक उतरवलाच होता म्हणून पेस्ट नवीन, आणि ती नवीनच लावावी, एकदा उचललेला हीटसिंक जुन्याच पेस्टवर परत दाबू नये. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसली, आरशासारखी चिप दिसेपर्यंत. इथे प्रोसेसरसारखं वर धातूचं झाकण नसतं, चिप उघडीच असते, म्हणून कोपरे कोरडे राहून चालत नाही, करंगळीच्या अर्ध्या नखाएवढा ठिपका घेऊन पातळ थर सगळीकडे पसरवला. मेमरीवरचे जे मऊ पॅड असतात ते फाटले नसतील तर तसेच ठेवा. बदलायचेच असतील तर जाडी मोजून तीच घ्या, १ मिलिमीटरच्या जागी दीड घातला तर हीटसिंक त्या पॅडवरच टेकतो आणि चिपला नीट लागतच नाही, आणि मग नवीन पंखे लावूनही कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं आणि माणूस पंख्याला दोष देत बसतो. स्क्रू परत तसेच तिरके आवळायचे. वायर पात्याला लागत नाही ना हे कार्ड बसवण्याआधी बोटाने पाती फिरवून बघायचं, आमची लागत होती, टिक टिक टिक, परत उघडून कव्हरच्या खाचेत बसवली.

वीस मिनिटं पूर्ण लोड दिला, ६८ अंशांवर जाऊन थांबलं आणि तिथेच राहिलं. भाची म्हणाली, "मामा हे तर घेतलं तेव्हापेक्षा पण गप्प आहे." खरंच होतं ते. इतक्या वर्षांची धूळ आणि पेस्ट एकदम निघाली होती.

संपादक महाशय, आता माझं म्हणणं. १९९६ साली थ्रीडीएफएक्सचं पहिलं वूडू कार्ड आलं त्यावर पंखा सोडा, हीटसिंकसुद्धा नव्हता. २०२२ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचं कार्ड आहे, आणि जेवढी वीज तेवढी उष्णता. म्हणजे पंख्यावाचून आता बहुतेक कार्डं चालूच शकत नाहीत, आणि तोच भाग सगळ्यात आधी झिजणार हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग तो बदलता येईल असा का बसवत नाहीत? अशक्य आहे म्हणावं तर २०१६ मध्ये सफायर ह्या कंपनीने आपल्या आरएक्स ४८० नायट्रो प्लस ह्या कार्डात हेच करून दाखवलं होतं, पंख्यामागे एक स्क्रू, तो काढला की पंखा बाहेर, नवीन आत ढकलला की विजेची जोडणी आपोआप, हीटसिंक आणि पेस्टला हातच लावायचा नाही. सगळ्यांनी असं का करू नये? पूर्ण तसं नको तर निदान पंख्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूने द्या. आणि तेही नको तर बॉक्समधल्या त्या पुस्तिकेत, जिच्यात पंचवीस भाषांत सुरक्षेच्या सूचना असतात, एक ओळ छापा, पंख्याचा नंबर, भोकांमधलं अंतर, प्लगचा प्रकार. एका ओळीला कागद तो किती लागणार. मला तो नंबर ईमेलवर सांगितला असता तर चुकीचा सेट मागवला गेला नसता, तो सेट आता माझ्याकडे पडून आहे, म्हणजे कचऱ्यात भरच.

संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर ह्या २०२४ च्या अहवालात लिहिलंय की २०२२ ह्या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद आहे. त्या ढिगाऱ्यात नुसता पंखा गेला म्हणून फेकलेली किती कार्डं असतील ह्या विचाराने मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातल्या चिपा धडधाकट असणार. कोणाच्या तरी पोराला त्यावर शिकता आलं असतं.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक, नव्या कार्डाची परीक्षणं छापता तेव्हा वेग, मेमरी, वॅट याच्या शेजारी एक ओळ वाढवा, पंखा बाहेरून निघतो की हीटसिंक उतरवावा लागतो. परीक्षण करणाऱ्याला हे बघायला दहा मिनिटं लागतील. वाचक ते बघून कार्ड निवडायला लागले की कंपन्या आपोआप लक्ष देतील, आमच्या ईमेलला नाही दिलं तरी. दुसरं, त्याच पानावर महिन्यातून एकदा जुन्या वस्तू दुरुस्त करण्याबद्दल लिहा, पंख्यापासून सुरुवात करा, मी लिहून देतो, फोटोसकट. मानधन नको.

आणि ज्या वाचकांचं कार्ड आज नीट चालू आहे त्यांनी पुढच्या साफसफाईला कार्ड बाहेर काढलं की एवढं करा, पात्यांच्या फटीतून टॉर्च मारून पंख्याच्या पाठीवरचा नंबर दिसतोय का बघा, दिसला तर फोटो काढून ठेवा. मी आमच्या पंख्याच्या स्टिकरचा फोटो प्रिंट करून, त्याखाली पेनने ८५, ४०, चार तारा असं लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलाय, म्हणजे चार-पाच वर्षांनी परत खर्रर्र ऐकू आलं आणि मी जवळ नसलो तरी भाचीला तो सापडेल.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक